शाळेच्या खिचडीत गावची भाजी, गावची ज्वारी : प्रत्यक्ष कोणी केलंय का?

पऱ्हाटी (केळापूर तालुका, यवतमाळ)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी मिळून ८० लेकरं आहेत आणि पोषण आहार शिजवायला दोन बाया. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालकांच्या वतीनं आहे. गावात तूर, हरभरा आणि थोडी ज्वारी होते. डिसेंबर-जानेवारीत वांगी, टमाटर, पालक, मेथी इतकी निघते की बाजारात नेण्याचं भाडंही सुटत नाही. आणि त्याच दिवसांत शाळेच्या ताटात काय, तर मंडीतून आणलेले आलू-कांदे टाकलेली पिवळी खिचडी.

गावात पिकतं ते शाळेच्या ताटात आणायचं तर सुरुवात कुठून करावी? तांदूळ, डाळ की भाजी? समितीत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो भाकर द्या, ज्वारी आपलं अन्न आहे. दुसरा म्हणतो योजना सरकारची, हात लावू नका, ऑडिटमध्ये अडकाल. ज्यांनी प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी लिहावं. 'आमच्या लहानपणी अन्न किती सकस होतं' एवढंच लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो.

---

निवृत्त_गुरुजी (वाशीम)

चांगला धागा. ही योजना मी सुरुवातीपासून पाहिली आहे, म्हणून आधी पैशाचं आणि धान्याचं गणित मांडतो. ते न कळता चर्चा केली की ती ज्वारीच्या आठवणींवरच जाते.

१५ ऑगस्ट १९९५ ला योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, पिशवी घेऊन घरी न्यायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. २०२१ पासून नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं, पण गावात अजून सगळे 'खिचडी'च म्हणतात.

प्रमाण असं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तिथं अपेक्षा ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांची.

आता हे येतं कुठून ते पाहा. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून, शाळेला फुकट. डाळ, तेल, मसाला आमच्या भागात ठरवून दिलेला पुरवठादार आणून टाकतो. शाळेच्या हातात पैसा येतो तो इंधनाचा आणि भाजीपाल्याचा. म्हणजे पऱ्हाटीभाऊ, तुमची समिती कोणाला न विचारता जे बदलू शकते ते एकच आहे, भाजी. बाकी सगळ्यासाठी वरून कागद लागतो.

---

तुमसरकर

गुरुजींचं पटतं, पण आम्हा भंडारा-गोंदियावाल्यांना तांदळाचं दुखणं जास्त आहे. आमच्या दारात धानाच्या गंज्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या शेतात निवडून एचएमटी धान तयार केला, सगळा देश तो खातो. आमच्या लेकरांच्या ताटात मात्र कुठल्या राज्यातून फिरत आलेला तांदूळ. गावातला धान गावातच भरडून शाळेला द्यायला काय हरकत आहे?

---

शंकासूर (मूळ हिंगणघाट, सध्या पुणे)

हरकत अशी की तो 'फिरत आलेला' तांदूळ शाळेला फुकट पडतो आणि तुमचा पडणार नाही. दुसरं, योजनेचा तांदूळ अलीकडच्या वर्षांत पोषणमूल्यवर्धित येत आला आहे. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे त्यात मिसळलेले असतात. गावात त्यालाच 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकतात, तो विनोद वेगळा. गावच्या गिरणीत भरडलेल्या तांदळात ते दाणे कोण मिसळणार? तांदळाच्या मागे लागू नका. सगळ्यात जड दगड आधी उचलायला जाणं म्हणजे कंबर मोडून घेणं.

---

चुलीपुढची (दर्यापूर)

माही माय शाळेत सैपाक करते म्हनून लिहून राह्यली. भाकरीची गोष्ट करनाऱ्या समद्या भावांनी एक हिशोब करा.

८० लेकरं. एकाले १०० ग्राम धान्य म्हंजे दोन भाकरी धरा. १६० भाकरी झाल्या. एक भाकर थापून, तव्यावर टाकून, शेकून दोन मिनिटं त लागतेच. ३२० मिनिटं झाले. सव्वापाच तास! अन् त्यात वरन नाई, भाजी नाई, भांडे घासनं नाई. दोन बाया दोन तवे मांडतीन तरी अडीच तास नुसत्या थापतच बसतीन, मंग वरन कोन पाहीन? शेवटच्या लेकराले भाकर भेटेपर्यंत पयलीचं लेकरू झोपून जाईन.

माय सकाळी नऊले जाते. तांदूळ निवडते, पानी भरते, पोट्ट्यांले वाढते, तीनले घरी येते. महिन्याचं मानधन अडीच हजार, थेबी कधी येते कधी तीन महिने येत नाई. शाळेत 'पारंपरिक अन्न' पाह्यजे म्हननारे कधी मायच्या हाताचा विचार करतेत काय?

मंग ज्वारी द्याचीच नाई काय? द्या ना बाप्पा! पन थापाची नाई, शिजवाची. कन्या (ज्वारीचा भरडा) करा, घुगऱ्या (उकडलेले दाने) करा. गंजात (मोठ्या पातेल्यात) टाकलं, शिजलं, वाढलं. आमच्या इकडं आखाडीले, पोळ्याले जे गंजभर शिजते ते शाळेत चालते. जे एकेक करून तव्यावर टाका लागते ते चालत नाई. यवढं सोपं हाय.

---

पऱ्हाटी

ताई, तुमचा हिशोब पुढच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवतो. भाकरीवाला गट सगळा पुरुषांचा आहे हेही आत्ता लक्षात आलं.

---

भूगोलवाले_सर (गडचिरोली जिल्हा)

चुलीपुढची ताईंना दहा वेळा अनुमोदन. मी दहा-बारा वर्षं आहाराचं रजिस्टर लिहितो आहे. कोणताही पदार्थ सुचवला की मी एकच विचारतो, 'हे एका गंजात होतं का?' नियमाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० पर्यंत दोन. ९८ मुलं असली तरी दोनच बाया. शहरातून आलेले सुंदर पाककृतींचे कागद याच आकड्यावर फुटतात.

---

शंकासूर

ज्वारीच्या पैशाचंही बोलून टाकू. २०२५-२६ चा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला ३६९९ रुपये होता. म्हणजे किलोला ३७ रुपये, एका मुलाच्या १०० ग्रॅमला ३ रुपये ७० पैसे. केंद्रानं मे २०२५ पासून पहिली ते पाचवीसाठी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्याला मिळून दिवसाला मुलामागं ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त ज्वारीतच गेले तर फोडणी कशाची देणार? तांदूळ फुकट आहे म्हणून ही योजना चालते, हे विसरू नका.

रोज ज्वारी हे स्वप्न सोडा. आठवड्यात एक दिवस म्हटलं तर ८० मुलांना ८ किलो. वर्षात असे ३५ आठवडे धरले तर २८० किलो, तीन क्विंटलच्या आत. साडेदहा हजारांच्या आसपास. एवढं एखादं गाव उचलू शकतं.

---

निवृत्त_गुरुजी

आणि ते पैशातही उचलायची गरज नाही. पूर्वी खळ्यावरून प्रत्येकाचा वाटा निघायचा, सुताराचा, लोहाराचा, देवळाचा. तसा शाळेचा वाटा काढा. खळ्यावर पाच-पाच किलो देणारी साठ घरं मिळाली की काम झालं. माझ्या शेवटच्या शाळेत आम्ही हरभऱ्याचं असं करायचो. पैसे मागितले की लोक हिशोब विचारतात, धान्य मागितलं की मापाला वर आणखी ओंजळभर टाकतात. फक्त ते साठवणं महत्त्वाचं. कोठी सुकी हवी, कडुलिंबाचा पाला घाला आणि स्टॉक रजिस्टरला आवक-जावक लिहा. दान आहे म्हणून नोंद नाही, असं चालणार नाही.

योजनेत याला जागा आहे. लोकसहभागातून जेवण देण्याला गुजरातेत तिथी भोजन म्हणतात, आपल्याकडं स्नेहभोजन. फक्त ते वाढदिवसाच्या जिलेबीपुरतं आणि फोटोपुरतं राहतं. ज्वारी-हरभरा देणं हेही स्नेहभोजनच आहे, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी पत्र देऊन सांगून ठेवा.

---

काळी_कसदार (अकोट)

सगळं ठीक, पण ज्वारी पेरणार कोण? आमच्या शिवारात सोयाबीन आणि पऱ्हाटी (कपाशी). ज्वारीचं एकच वावर असलं की गावभराची पाखरं त्यावरच तुटून पडतात. त्यात रात्री रानडुक्कर आणि रोही (नीलगाय). पेरायचीच तर पाच-सहा जणांनी लागून-लागून पेरा, म्हणजे नुकसान वाटलं जाईल. खरिपाच्या ज्वारीवर दाणे भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो, तो लेकरांना देऊ नका. कडब्यासाठी ढोरंवाले अजून पेरतात, त्यांच्याकडं आधी विचारा.

---

आहार_नागपूर (आहारतज्ज्ञ)

थोडं माझ्या बाजूनं. वरून लोह न मिसळलेल्या, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं, ज्वारीत चारच्या आसपास. चोथा तर तिप्पट-चौपट. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस ज्वारी हेही थोडं नाही.

पण माझं लक्ष भाजीवर जास्त आहे. ५० ग्रॅम भाजीचा आलू झाला की कागद भरतो, लेकरू भरत नाही. हिरवा पाला, सोबत डाळ आणि वरून लिंबू पिळलं तर धान्य-डाळीतलं लोह अंगी लागतं. क जीवनसत्त्वाचं ते काम आहे. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यातलं काहीही त्या हंगामात गावात असतंच. लिंबू फोडणीत टाकू नका, वाढताना पिळा, उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं.

आणि मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला! शेंगा सगळे खातात, पाला जनावरं खातात. वरणात शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर पाला टाकून पाहा.

---

तुमसरकर

आमच्याकडं धानानंतर बांधीत लाखोळी (लाख) होते. तिची डाळ स्वस्त, प्रथिनं भरपूर. तीच का देऊ नये? जुने लोक आयुष्यभर खात आले.

---

आहार_नागपूर

तुमसरकर, शाळेत लाखोळी नको, हे स्पष्ट सांगते. तिच्यात मज्जातंतूंना घातक असा घटक असतो. दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळी खाल्ली तेव्हा पायांचा लकवा झाल्याच्या नोंदी आहेत. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली ती त्यामुळेच. पुढं कमी विषारी वाण निघाले, बंदीवरून वाद झाले, हे सगळं मान्य. घरी कधीमधी पानगे-वडे खा. पण ज्या लेकराच्या घरीही रोज तीच डाळ असेल त्याला शाळेतही तीच द्यायची, हा धोका मी तरी घेणार नाही. गोंदिया-भंडाऱ्यात उडीद, मूग, बरबटी (चवळी) आहेच की.

---

तुमसरकर

बरं. आई ती डाळ रात्रभर भिजवून पाणी फेकायची, त्याचं कारण हेच असावं.

---

आहार_नागपूर

हो. भिजवून पाणी फेकल्यानं तो घटक बराच कमी होतो, संपत नाही.

---

मेळघाट_वारी (धारणी)

आमच्याकडचा मुद्दा वेगळा आहे. कोरकू घरांत कोदो-कुटकी अजून थोडी आहे. २०२३ हे भरडधान्याचं वर्ष झालं तेव्हा सगळ्यांना तिची आठवण आली, भाषणं झाली. पण कुटकीचं टरफल काढायला यंत्र लागतं. ते गावात नसेल तर बायका उखळात कांडतात, आणि शाळेसाठी दहा किलो कांडून देणं म्हणजे एका बाईचा अख्खा दिवस. आधी यंत्र, मग कुटकी. उलटं केलं तर भाषणाचा भार पुन्हा बाईच्या खांद्यावर येतो.

एक गंमत मात्र सांगतो. जिथं कुटकीचा भात शिजला तिथं लेकरांपेक्षा मास्तर लोकांनी नाकं मुरडली. लेकरं खाऊन मोकळी.

---

शंकासूर

मोठ्या पातळीवर हे होत नाही असं नाही. ब्राझीलनं २००९ मध्ये कायदाच केला की केंद्राकडून शाळेच्या जेवणासाठी येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांकडून खरेदीला लावायचे. त्यासाठी नेहमीची निविदा लागत नाही, थेट खरेदी करता येते. आपल्याकडं तूर पिकवणारा जिल्हा आणि शाळेच्या गोणीतली डाळ यांची भेट निविदेच्या कागदावरच होते. गावात पीकेव्हीची (अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची) मिनी दाल मिल असून उपयोग काय?

---

काळी_कसदार

अकोल्याच्या विद्यापीठाची ती मिल आमच्या बचत गटाकडं आहे. डाळ चांगली निघते. पण शाळेला विकायचा रस्ताच नाही, डाळ पुरवठादाराकडूनच येते. आम्ही ती संक्रांतीच्या आधी नातेवाइकांत खपवतो. तालुक्यानं तेवढी एक वस्तू गटाकडून घ्यायची मुभा दिली तरी खूप होईल. तोवर गुरुजी म्हणतात तसं स्नेहभोजनातून.

---

भूगोलवाले_सर

ब्राझील राहू द्या, भाजीचं सांगतो. आमच्या शाळेत हे तीन हिवाळे चाललं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

८० मुलांना रोज ४ किलो भाजी लागते. आठवड्याला चोवीस किलो. एवढ्यासाठी कोणी व्यापारी लागत नाही, दोन घरं पुरतात. दोनच का, तर एकाचं वांगं कीड लागून गेलं तर दुसरा असतो, आणि दहा जण घेतले तर दहा बिलं. आम्ही महिन्याच्या सुरुवातीला भाव ठरवतो, तालुक्याच्या आठवडी बाजारात ज्या भावानं मिळते त्याच भावानं. कमी नाही, जास्तही नाही. गावाच्या कामाला स्वस्तात द्या म्हटलं की पहिला महिना माल चांगला येतो, दुसऱ्या महिन्यात शाळेला किडकी वांगी आणि बाजाराला ताजी.

पाळी लावली आहे. सोमवारी आणि गुरुवारी पालक किंवा मेथी वरणात. मंगळवारी वांगं-आलू. बुधवारी पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) दाणे, तुरीचे सोले, जे असेल ते. शुक्रवारी टमाटर-कोबी. शनिवारी काहीही. पालक चिरून वरणात गेला की लेकरं निवडून काढू शकत नाहीत, हे कटू सत्य आहे.

पावसाळा कठीण वाटतो, पण असतो मात्र भरलेला. बरबटी, दोडकं, ढेमसं, आंबाडी, कोचईची (अळूची) पानं. तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी भाजी तर फुकट उगवते. कोचई नीट शिजवून चिंच घातली नाही तर घशाला खाज सुटते, ती लेकरांना देताना जपून. खरी अडचण मार्च-एप्रिल. सकाळची शाळा, विहिरी तळाला, पालेभाजी गायब. तेव्हा कोहळं (लाल भोपळा). दिवाळीआधी तोडलेलं पिकलेलं कोहळं सावलीत ठेवलं तर उन्हाळ्यापर्यंत टिकतं. कांदा, वाळवलेली बरबटी, आणि मुंगण्याच्या शेंगा याच दिवसांत लागतात.

पैशाचं मात्र सगळ्यात नाजूक. भाजीचं अनुदान वेळेवर येत नाही. आमच्याकडं कधी दोन-दोन महिने मुख्याध्यापकच खिशातून देतात. व्यापारी उधारीवर थांबतो, एक एकरवाली बाई थांबू शकत नाही. आम्ही ग्रामसभेत बोलून समितीकडं एक छोटी फिरती रक्कम ठेवली, लोकवर्गणीची. शनिवारी भाजीवाल्या घरांना पैसे, अनुदान आलं की रक्कम परत जागेवर. ही रक्कम नसती तर पहिल्याच हिवाळ्यात सगळं बसलं असतं.

---

पऱ्हाटी

सर, हे हवं होतं. एक शंका. आमच्याकडं वांग्यावर फवारणी जोरात असते. पऱ्हाटीला मारायचं तेच औषध वांग्याला मारणारेही आहेत.

---

भूगोलवाले_सर

ही शंका बरोबर आहे, आणि यवतमाळवाल्यांनी ती काढायलाच हवी. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले. जे श्वासातून मारतं ते भाजीवरूनही पोटात जातं.

आमची अट आहे, शाळेचे वाफे वेगळे. त्यावर निंबोळी अर्क, चिकट सापळे, दशपर्णी, बाकी काही नाही. दुसऱ्या वाफ्यावर औषध मारलं असेल तर डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडायचं नाही. आणि औषधाचा रिकामा डबा, मग तो कितीही धुतलेला असो, शाळेच्या स्वयंपाकघराच्या आसपास दिसला तर मी त्या दिवशी शिजवूच देत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेत जेवून २३ मुलं दगावली, तेल ठेवलेल्या डब्यात कीटकनाशक होतं म्हणून. वाढण्याआधी चव घेऊन रजिस्टरवर सही करायचा जो नियम आहे तो कंटाळवाणा वाटतो, पण मी तो एकही दिवस चुकवत नाही.

---

संत्रा_बागायत (वरुड)

आम्हाला विसरू नका! आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबर निघतं. व्यापारी मोठं फळ उचलतो आणि लहान फळ बांधावर पडून राहतं. चव तीच, रस तोच. आमच्या गावात दोन बागायतदार दर शनिवारी एक-एक क्रेट शाळेत ठेवतात. एका लेकराला एक संत्रं. आठवड्याच्या पूरक आहारात ते बसतं. फक्त सालींचा ढीग होतो, त्याचा खड्डा आधी करून ठेवा.

---

कोंबडी_आधी (मोर्शी)

पूरक आहार निघालाच आहे तर अंड्याचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं त्याचा निधी बंद केला, हवं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे. गावठी अंडं गावात दहा-बारा रुपयांना जातं, ते शाळेला कोण देणार?

---

निवृत्त_गुरुजी

अंड्याचा विषय काढला की हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि भाजी बाजूला पडेल. आमच्या भागात महानुभाव घरं बरीच आहेत, त्यांच्या भावनाही आहेत. माझं मत विचाराल तर ज्या लेकरांच्या घरी खातात त्यांना मिळालंच पाहिजे. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

काळी_कसदार

परसबागेचं कोणीच बोललं नाही. दरवर्षी परसबाग स्पर्धा असते, तालुक्याला, जिल्ह्याला. तिथूनच भाजी का नको?

---

भूगोलवाले_सर

परसबाग जरूर करा, लेकरं शिकतात. पण रोजच्या ४ किलोचा भार तिच्यावर टाकू नका. स्पर्धेच्या तपासणीला आमची बागही हिरवीगार असते. एप्रिलच्या शेवटी शाळा बंद होते, विदर्भात ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. मधल्या दोन महिन्यांत पाणी कोण घालणार? उघडं कुंपण आणि गावच्या शेळ्या, बाकी काय सांगू. म्हणून आम्ही परसबागेत उन्हाळा काढणारी झाडं लावली. मुंगणा, कढीपत्ता, लिंबू, पपई. ताटं धुतलेलं पाणी त्यांना जातं. सांबार (कोथिंबीर) आणि मेथीचे वाफे फक्त दिवाळीनंतर.

---

शंकासूर

'लेकरं शिकतात' हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते, कारण पुढं लेकरांकडून खड्डे खणून घेतात.

---

भूगोलवाले_सर

खड्डे पालकांनी खणले, रोजगार सेवक उभा होता. तुमचं पुणं बरं चाललंय ना?

---

पऱ्हाटी

भांडू नका. मी आत्तापर्यंतचं घेऊन काल समितीत बसलो. तांदळाला हात लावायचा नाही, हे ठरलं. भाकरीवाल्या गटाला ताईंचा ३२० मिनिटांचा हिशोब वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग सरपंच म्हणाले, "घुगऱ्या करा." नोव्हेंबरपासून दर बुधवारी घुगऱ्या, आणि खळ्यावर शाळेचं माप ठेवायचं. भाजीसाठी दोन घरं धरली आहेत, त्यातलं एक घर विहीरवाल्या विधवा बाईंचं. बाजारभाव, शनिवारी पैसे. फिरत्या रकमेसाठी गणेश मंडळवाले त्यांचे उरलेले सात हजार देतो म्हणाले. लेखी घ्यायचं बाकी आहे.

आता ज्यांनी घुगऱ्या मोठ्या गंजात केल्या आहेत त्यांनी सांगा. आमच्या बाया म्हणतात ज्वारी कितीही शिजवली तरी टणक राहते आणि सिलिंडर संपतो.

---

चुलीपुढची

भाऊ, टणक राह्यते कारन तुमी सकाळी भिजू घालत असान. आदल्या दिवशी लेकरं घरी गेले की भिजू घाला, रातभर त भिजलीच पाह्यजे. नवी ज्वारी लवकर शिजते, दोन वर्साची जुनी घेऊच नका. दुसऱ्या दिवशी पानी बदला अन् चिमूटभर मीठ शेवटी टाका, आधी नाई. शाळेत मोठा कुकर असन त पाच-सहा शिट्ट्या, नसन त झाकन ठेवून मंद आचीवर. गॅस वाचवायचा असन त उकळी आल्यावर गंज जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा, माय तसंच करते.

फोडनीले फल्लीचं (शेंगदान्याचं) तेल असन त बेस, नाई त योजनेचं जे हाय थे. कांदा, लसन, मोहरी, हयद. वरून सांबार अन् लिंबू. पयल्या दिवशी निम्मी ज्वारी निम्मा हरभरा करा, नुसती ज्वारी पायून पोट्टे तोंड वाकडं करतेत. कन्या कराच्या असतीन त चक्कीवर आठवड्यापुरत्याच भरडून आना, जास्त ठेवल्या की खवट होतेत.

अन् एक इचारतो. बुधवारच्या घुगऱ्यांसाठी तुमची सैपाकवाली बाई आदल्या संध्याकाळी ज्वारी भिजवाले पुन्हा शाळेत जाईन, त्याचे पैसे समिती देईन काय?

---

पऱ्हाटी

हे आमच्या डोक्यातच नव्हतं, ताई. पुढच्या बैठकीच्या विषयात पहिला हाच मुद्दा टाकतो. तोवर ज्वारी भिजू घालायचं काम आम्ही समितीतले पाळीपाळीनं करू, पहिला मंगळवार माझा.